टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊ नका

बेळगावच्या वडगावात माझ्या मावशीकडं २०२५ च्या दिवाळीत नवा टीव्ही आला, ४३ इंची. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी त्याच सप्टेंबरात २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यामुळं काकांनी दोन वर्षं पुढं ढकललेली खरेदी एकदाची उरकली. टीव्ही बसवायला आलेला पोरगा हाताचा जलद होता. वीस मिनिटांत त्यानं भिंतीला स्टँड ठोकला, वायरी लावल्या, वायफायचा पासवर्ड विचारून घेतला. मग पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांचं एक पान आलं, खाली चार चौकटी. त्यानं रिमोटनं 'सगळं निवडा' दाबलं, मग 'मान्य' दाबलं, आणि पान गेलं. मावशी तेव्हा आत त्याच्यासाठी चहा गाळत होती.

"काय लिवलंतं रे त्यात?" तिनं मला नंतर विचारलं. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर वाचत गेलो, तेव्हा कळलं की त्या एका बटणानं मावशीनं आपल्या घराबद्दल बरंच काही देऊन टाकलं होतं. दिलं तिनं, दाबलं दुसऱ्यानं.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सॅमसंग, सोनी, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर खटले भरले. लोक घरात काय बघतात ते टीव्ही त्यांच्या नकळत टिपतो, असा त्यात आरोप आहे. या पाचांतल्या बहुतेक कंपन्यांचे टीव्ही आपल्या गल्लीतही आहेत. म्हणून हे टिपणं चालतं कसं ते आधी समजून घेऊ, आणि मग घरच्या घरी काय करता येतं ते बघू.

टीव्ही टिपतो म्हणजे काय करतो?

या तंत्राचं नाव आहे 'ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन', थोडक्यात एसीआर. पडद्यावर काय चाललंय ते टीव्हीनं आपणहून ओळखायचं, एवढाच त्याचा अर्थ. एसीआरसाठी कॅमेरा लागत नाही. टीव्ही तुमच्या खोलीकडं बघत नाही, स्वतःच्याच पडद्याकडं बघतो.

जुन्या गाण्यांचा शौकीन माणूस आठवा. रेडिओवर सनईचे पहिले दोन सूर वाजले की तो म्हणतो, "हे अमुक गाणं." अख्खं गाणं ऐकायची त्याला गरज नसते. टीव्हीचंही तसंच आहे. तो चित्राचा आणि आवाजाचा क्षणभराचा नमुना घेतो आणि त्यातून आकड्यांचा एक छोटा ठसा बनवतो, तलाठ्याकडच्या कागदावर अंगठा उमटवावा तसा. तो ठसा इंटरनेटवरून कंपनीकडं जातो. तिकडं हजारो कार्यक्रमांच्या आणि जाहिरातींच्या ठशांचं रजिस्टर असतं. ठसा जुळला की नोंद होते, की या घरात, या वेळी, हा कार्यक्रम, इतकी मिनिटं.

हे दिवसातून एकदा होत नाही. सॅमसंगचे टीव्ही दर अर्ध्या सेकंदाला नमुना घेतात. घेतलेले नमुने साठवून थोड्या थोड्या वेळानं एकदम पाठवले जातात.

एवढी उठाठेव कंपन्या कशाला करतात?

आपल्याकडं ऊसतोडणीच्या मजुराला हंगामाआधी उचल मिळते. पैसे आधी हातात येतात आणि नंतर कोयत्यानं फेडावे लागतात. स्वस्त स्मार्ट टीव्ही हा मला तसाच व्यवहार वाटतो. दुकानात किंमत कमी लागते, आणि राहिलेलं आपण पुढची सहा-सात वर्षं बघून बघून फेडतो. फरक एवढाच की मजुराला उचल घेतल्याचं ठाऊक असतं.

याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा व्हिझिओ या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात मिळाला. तिच्या १ कोटी १० लाख टीव्हींनी घरोघरीचं बघणं सेकंदासेकंदाला टिपलं होतं. त्याला त्या घरातल्यांचं वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, लग्न झालंय की नाही, घरात माणसं किती, अशी माहिती जोडून ती इतरांना विकली गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि कंपनीनं २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. पुढं व्हिझिओला टीव्ही विकून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून मिळणारा नफा कितीतरी मोठा झाला. वॉलमार्टनं डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी २३० कोटी डॉलरला विकत घेतली. त्यात टीव्हीच्या कारखान्यापेक्षा या घराघरांतल्या खिडकीची किंमत मोठी होती, असं मला वाटतं.

"मी तर बाहेरून बॉक्स लावलाय, मला काय?"

हा गैरसमज मी शहापुरापासून खानापूरपर्यंत ऐकला, आणि माझाही होताच. टीव्हीतली ॲप वापरायची नाहीत, मागं एचडीएमआय वायरनं आपला सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप जोडायचा, मग टीव्ही नुसती काच. निदान मी तसं समजत होतो.

लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, कॅलिफोर्नियातलं डेव्हिस विद्यापीठ आणि माद्रिदचं कार्लोस तिसरा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. टीव्हीतून बाहेर जाणारी माहिती त्यांनी वाटेतच मोजली. एचडीएमआयनं बाहेरचं यंत्र जोडलं, तेव्हाही ठसे जात होते. कारण सरळ आहे: चित्र कुठूनही येवो, शेवटी उमटतं ते टीव्हीच्याच पडद्यावर, आणि टीव्ही बघतो ते पडद्याकडंच. तुमच्या लॅपटॉपवरचं लग्नाचं चित्रीकरण त्याला ओळखू येणार नाही, पण ओळखायचा प्रयत्न तो करणार.

त्याच तपासणीत एक दिलासा देणारी गोष्टही निघाली. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतली, की हे ठसे जाणं थांबत होतं.

म्हणजे पर्यायी बॉक्स कुठला घ्यावा हा प्रश्न दुसरा. पहिलं काम टीव्हीचं तोंड बंद करण्याचं.

ते कसं करायचं

सर्वांत पक्का उपाय म्हणजे टीव्हीला इंटरनेट द्यायचंच नाही. नवा टीव्ही बसवायला माणूस येईल आणि पासवर्ड विचारेल, तेव्हा "नको, राहू दे" म्हणा. टीव्ही इंटरनेटशिवाय चालू होतो, 'नंतर करा' किंवा 'वगळा' असा पर्याय पडद्याच्या कोपऱ्यात कुठंतरी असतो. आधीच दिलेला असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमधून ते वायफाय काढून टाका आणि पुन्हा जोडू नका.

इंटरनेट लागतंच असेल, तर निदान एसीआर बंद करा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं आणि गोड नाव दिलंय, म्हणून ते सापडत नाही. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस', सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही'. ही नावं प्रायव्हसी, अटी-शर्ती किंवा जनरल अशा यादीत दडलेली असतात. शेजारीच जाहिरातींसाठीची परवानगीही असते, तीही काढा.

"अपडेट मिळणार नाही मग?" असं दुकानदार हमखास विचारतो. सुरक्षेचे अपडेट लागतात ते इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्राला. जो टीव्ही जाळ्यातच नाही त्याच्यापर्यंत चोर बाहेरून यायचा कसा? काही बिघाड निघालाच, तर बऱ्याच कंपन्यांचा अपडेट पेनड्राइव्हवरून घालता येतो.

मग बघायचं काय आणि कशावर?

इथं बऱ्याच जणांना वाटतं, की आता संगणकतज्ज्ञ व्हावं लागणार. तसं नाही. पहिला पर्याय आपल्या गच्चीवरच आहे.

डिश अँटेनाची वाट एकेरी असते. पूर्वी गावात दवंडी पिटायचे तेव्हा कुणी ऐकलं आणि कुणी दार लावून घेतलं हे दवंडीवाल्याला कळायचं नाही. उपग्रहाचंही तसंच आहे. तो वरून सगळ्यांना सारखंच देतो, आणि तुमची छत्री त्याला उलट काहीच कळवत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, नावनोंदणी नाही. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं. आपल्या भागासाठी सोयीचं म्हणजे मराठीतली डीडी सह्याद्री आणि कन्नडमधली डीडी चंदना दोन्ही त्यावर दिसतात. खासगी वाहिन्या मात्र लिलावातून येतात, त्यामुळं बदलत राहतात. पैसे भरून घेतलेली साधी डिशही एकेरीच असते, फक्त तिच्या बॉक्सला वायफाय जोडू नका.

दुसरा पर्याय पेनड्राइव्ह. टीव्हीच्या मागं किंवा बाजूला यूएसबीची खाच असते. लॅपटॉपवरून चित्रफिती भरा, लावा, बघा. दोन अडचणी नेहमी येतात. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं तयार केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यायचा. आणि कधी कधी चित्र दिसतं पण आवाज येत नाही, कारण त्या प्रकारच्या आवाजाचा परवाना टीव्ही कंपनीनं घेतलेला नसतो. टीव्ही बिघडलेला नसतो.

त्यावर उत्तर तिसरा पर्याय, जुना लॅपटॉप. कोरोनाच्या काळात पोरांच्या शाळेसाठी घेतलेला एखादा लॅपटॉप बऱ्याच घरांत कपाटावर पडून आहे. बिजागरी तुटलेली असली, कीबोर्डची चार बटणं गेलेली असली तरी चालेल. एचडीएमआय वायर जोडा आणि त्यावर व्हीएलसी घाला. व्हीएलसी हा पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून जन्मलेला प्लेअर. फुकट आहे, जाहिरात नाही, तुम्ही काय बघता याची नोंद कुणाला पाठवत नाही, आणि जवळजवळ कुठलीही फाइल वाजवतो. आपल्या वीजपुरवठ्यात लॅपटॉपचा आणखी एक फायदा: वीज गेली तरी त्याची बॅटरी त्याला सांभाळते, फाइल खराब होत नाही.

विजेचाही हिशोब करून ठेवा, कारण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत फुकट युनिट मिळतात ते आपल्या आधीच्या सरासरीवर. साधारण २५ वॉटचा लॅपटॉप रोज चार तास चालला तर महिन्याला ३ युनिट होतात.

ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी

लॅपटॉपच्या जागी रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक वापरता येतो. त्यावर लिब्रएलेक ही फुकट कार्यप्रणाली घातली, की यंत्र सुरू होताच थेट कोडी हे चित्रफिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतं. कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी बनलं होतं, २०१४ पासून त्याचं नाव कोडी झालं. चित्रं, गाणी, फोटो मोठ्या चौकोनांत दिसतात, खातं उघडावं लागत नाही. पायला साधारण ५ वॉट लागतात. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला ३.६ युनिट.

घरात दोन-तीन पडदे असतील तर जेलीफिन हे सॉफ्टवेअर बघा. घराच्या भाषेत सांगायचं, तर एक कोठी आणि अनेक वाढपी. सगळ्या चित्रफिती एका जुन्या संगणकावर ठेवायच्या, ती कोठी, म्हणजेच सर्व्हर. मग माजघरातला टीव्ही, आजोबांचा टॅब, पोरांचा मोबाइल असे सगळे घरच्याच वायफायवरून तिथून मागून घेतात. २०१८ मध्ये अशाच कामाचा एम्बी हा खुला प्रकल्प बंदिस्त झाला, तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या प्रतीवरून स्वयंसेवकांनी जेलीफिन सुरू केलं. माहिती घराबाहेर जात नाही. एखाद्या चित्रपटाची फाइल सरासरी ३ जीबी धरली, तर एक टीबीच्या हार्ड डिस्कवर तीनशे सहज मावतात.

याचा खरा उपयोग मी जांबोटीकडच्या एका घरात बघितला. तिथं पावसाळ्यात झाड पडलं की फायबर तुटते आणि चार-चार दिवस दुरुस्तीला कुणी फिरकत नाही. त्या घरचं वायफाय मात्र चालू असतं, कारण राउटर इन्व्हर्टरवर आहे. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात जेलीफिन चालतं. बाहेर धो धो पाऊस, आणि आत सगळं घर बसून १९९४ सालचं लग्न बघत होतं.

ते लग्न व्हीएचएस कॅसेटवर होतं. ज्यांच्याकडं अशा कॅसेट आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: टीव्हीचं नंतर बघा, आधी त्या कॅसेट स्टुडिओतून उतरवून घ्या. आपल्या हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. त्या घरच्या तीनपैकी एका कॅसेटमधून हळदीचा अर्धा भाग गेला तो गेलाच. नवरीची आजी त्यात होती, तिचं दुसरं हलतं चित्र कुठंच नाही.

आणि हो, कोठीत भरायचं ते आपलं असावं: घरचं चित्रीकरण, विकत घेतलेल्या डीव्हीडी, मोकळेपणानं वाटायची परवानगी असलेल्या फिती. चोरीच्या चित्रपटांसाठी हा लेख नाही.

"आमच्या आईला एवढं जमणार का?"

जमायलाच हवं, नाहीतर या सगळ्याचा उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला एका रिमोटवर चालवता येत नसेल, तर ती व्यवस्था महिनाभरात बंद पडते आणि वायफाय परत जोडलं जातं.

त्यासाठी सीईसी नावाची सोय आहे. एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीच्या रिमोटचे हुकूम मागच्या बॉक्सला पोचतात, त्यामुळं दुसरा रिमोट लागत नाही. याचीही नावं वेगवेगळी आहेत: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. ती चालू करा. रास्पबेरी पायवरचं कोडी मग टीव्हीच्याच बाणांवर चालतं. लॅपटॉपवर मात्र ही सोय बहुधा नसते, तिथं बिनवायरीचा छोटा माउस ठेवावा लागतो. त्यामुळं वयस्कर माणसांच्या घरी मी लॅपटॉपपेक्षा पाय लावा म्हणेन.

ओटीटीचं काय?

कुठलंही ओटीटी ॲप, तुम्ही त्यात काय बघता हे जाणतंच. ते टाळता येत नाही. पण ते ॲप वेगळ्या यंत्रावर ठेवलं तर त्याला फक्त त्याच्यापुरतं कळतं, डिशवर काय लागलंय हे कळत नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरवर काही सेवा चित्राचा दर्जा कमी करून देतात, त्याची तयारी ठेवा. नामांकित कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक चालेल, तिच्याही सेटिंगमधल्या जाहिरातींच्या परवानग्या काढून.

"सगळं फुकट दिसतं" म्हणून मिळणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मात्र घेऊ नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० या किडक्या यंत्रांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. असे बॉक्स कारखान्यातूनच किंवा पहिल्या जोडणीत किडके निघतात, आणि तुमच्या घरचं इंटरनेट वापरून गुन्हेगार भलतेच उद्योग करतात. गूगलनं जुलैमध्ये या प्रकरणी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा अशा यंत्रांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला होता. साध्या टीव्हीपेक्षा हा बॉक्स कितीतरी धोक्याचा.

"आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

साखरेच्या आजारावरचे कार्यक्रम रोज लागतात, यावरून घरात कुणाला तरी मधुमेह आहे हे कळतं. पहाटे कुठलं कीर्तन, रात्री कुठल्या पक्षाची सभा, परीक्षेच्या दिवसांत टीव्ही किती वाजता बंद होतो, हेही कळतं. आपल्या सीमाभागात तर बातम्या मराठीत लागतात की कन्नडमध्ये, एवढ्यावरूनही लोक माणसाला एका खान्यात टाकतात. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण हे कुणाला सांगायचं ते मावशीनं ठरवावं.

मोबाइल आधीच सगळं सांगतो, हेही खरं आहे. तरी मोबाइल एका माणसाचा असतो आणि परवानगी त्यालाच विचारतो. टीव्ही सगळ्या घराचा असतो, शेजारून आलेल्या पोराचासुद्धा. आणि परवानगी देऊन जातो तो बसवणारा.

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७ मध्ये.

त्यातलं एक कलम सीमाभागानं लक्षात ठेवावं असं आहे. माहिती घेण्याआधी कंपनीनं जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्या यादीत मराठीही आहे आणि कन्नडही. आपल्या भाषेत कागद मिळावा म्हणून इथं पिढ्या झगडल्या. टीव्हीच्या पडद्यावरचं हे पानही कागदच आहे.

मावशीच्या टीव्हीवर ते पान मी सेटिंगमधून परत उघडलं. विणायचा माग बंद करून काकाही येऊन बसले. एक एक ओळ मराठीत सांगत गेलो, पाऊण तास लागला. चारपैकी एक चौकट टीव्हीच्या वापराच्या अटींची होती, ती तिनं ठेवायला सांगितली. उरलेल्या तिन्हींवरच्या खुणा तिनं रिमोट माझ्या हातातून घेऊन स्वतः काढल्या, आणि मग वायफाय कुठून काढायचं ते विचारलं.